बंगाल मांजर घ्यायचीय? मग ‘वाघाटी’ आणि मांजर यातला फरक आधी कळायला हवा

अंगावर बिबट्यासारखे ठिपके, रेशमासारखे चमकणारे केस आणि नळाखाली पंजा घालून खेळणारी मांजर. रील्समुळे बंगाल कॅट मालवण-कुडाळच्या मोबाईलवरही पोचलीय. आणि मग पोरांचा हट्ट सुरू होतो.

नावात बंगाल, जन्म अमेरिकेत

आशियातल्या रानात राहणाऱ्या लेपर्ड कॅटचं शास्त्रीय नाव प्रायोनेलुरस बेंगालेन्सिस. त्यावरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्या जीन मिल यांनी 1963 मध्ये लेपर्ड कॅट आणि पाळीव मांजर यांचा संकर घडवला, मग 1980च्या दशकात काम पुन्हा हाती घेतलं. गंमत म्हणजे या जातीच्या पूर्वजांमध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारं एक साधं मांजरही आहे. म्हणजे भारताचं रक्त आहे, पण दिल्लीचं!

पहिल्या तीन पिढ्यांतली मांजरं बुजरी आणि रानटी वळणाची असतात. घरात पाळायची ती चौथ्या पिढीपासून पुढची.

खरा धोका इथे आहे

लेपर्ड कॅट सह्याद्रीतही आहे. ठिपक्यांच्या अशा छोट्या रानमांजरांना आपल्याकडे सरसकट ‘वाघाटी’ म्हणतात. झुडपात सापडलेलं त्यांचं पिल्लू कुणी ‘बंगाल’ म्हणून घरी आणलं किंवा विकलं, तर तो थेट गुन्हा ठरतो. लेपर्ड कॅट वन्यजीव संरक्षण कायदा, 1972च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षांची कैद. बऱ्याचदा पिल्लू ‘अनाथ’ नसतंच, आई शिकारीला गेलेली असते. उचलू नका, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला कळवा. विकणाऱ्याकडे पिल्लाच्या आई-बापाचे फोटो, वंशावळीचे कागद नसतील तर तिथूनच परत फिरा.

कोकणातल्या घरात जमेल?

जमेल, पण मेहनत आहे. ही मांजर स्वस्थ बसत नाही. कौलांवर चढेल, माडावर जाईल, उघड्या विहिरीच्या कठड्यावरून चालेल. त्यामुळे विहिरीला जाळी, खिडक्यांना जाळी आणि रात्री मांजर घरातच. सिंधुदुर्गात बिबट्याचा वावर आहे, हेही विसरू नका.

दुसरा मुद्दा माशांचा. मालवणात मांजराला तारली-बांगडा घालणं म्हणजे अगदी घरचा रिवाज. पण काही कच्च्या माशांतल्या एका घटकामुळे बी1 जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि नुसत्या तेलकट माशांवर वाढवलेल्या मांजरांच्या शरीरातल्या चरबीला सूज येते. मासे द्या, पण शिजवून आणि चवीपुरते. रोजचं खाणं मांजरांचं संतुलित खाद्यच असावं.

दुसऱ्याची मांजर घेताना

‘घर बदलतोय, मांजर द्यायचीय’ अशा पोस्ट बऱ्याच दिसतात. कारण नीट विचारा. अनेकदा नसबंदी न केल्यानं मांजर घरभर मुतून खुणा करत असते, आणि तेच सांगितलं जात नाही. लसीकरणाचं कार्ड बघा. या जातीत डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो, त्याची जनुकीय चाचणी झालीय का तेही विचारा. व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवायला नकार आणि ‘आधी गाडीभाडं पाठवा’ असा तगादा असेल तर पैसे पाठवू नका. मोठं मांजर आणलंच, तर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा आणि पाहुण्यांना दाखवायची घाई करू नका.