गॅस टर्बाइनमधील संक्षुब्ध ज्वलनाची संगणकीय प्रारूपे

गॅस टर्बाइनच्या ज्वलनकक्षात दाबलेल्या हवेत इंधन अखंड जळत असते. विमानाचे इंजिन असो वा वीजकेंद्र, तत्त्व एकच. कक्षातील प्रवाहात लहानमोठे असंख्य भोवरे असतात. ते ज्योतीला दुमडतात, ताणतात; तिचे पृष्ठफळ वाढते आणि इंधन झपाट्याने जळते. याला संक्षुब्ध ज्वलन म्हणतात.

हे ज्वलन संगणकावर मांडण्यातली अडचण मापांची आहे. मोठ्या दाबाखाली ज्योतीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असू शकते. प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. पण सर्वांत लहान भोवऱ्यापर्यंत ती सोडवायची, तर प्रवाहाची खळबळ दर्शवणारा रेनॉल्ड्झ अंक दहापट होताच गणनेचे बिंदू सुमारे १८० पट लागतात. त्यात रसायनशास्त्राची भर. नैसर्गिक वायूसाठी बरीच वापरली गेलेली ‘जीआरआय-मेक ३.०’ ही यादी ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया धरते. त्यामुळे सगळे भोवरे न मोजता त्यांच्या परिणामाचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज म्हणजेच प्रारूप.

सर्वांत स्वस्त मार्ग सरासरीचा. पण सरासरी फसवी असते. समजा, एका जागी निम्मा वेळ ४०० अंश सेल्सिअसचे न जळलेले मिश्रण आणि निम्मा वेळ १६०० अंशांचा जळालेला वायू आहे. सरासरी १००० अंश, आणि ते तापमान तिथे जवळजवळ कधीच नसते! अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर कमालीचा बदलत असल्याने सरासरीवरून काढलेले उत्तर साफ चुकते. १९७१ मध्ये स्पाल्डिंग यांनी यातून वाट काढली : ज्वलनाचा वेग रसायनावरून न काढता भोवरे किती लवकर मोडतात त्यावरून काढायचा. कल्पना ढोबळ, पण अभियंत्यांच्या उपयोगाची ठरली.

आता मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवून फक्त लहानांसाठी प्रारूप वापरण्याची ‘एलईएस’ पद्धत रुळली आहे. ती खर्चिक आहे, पण तिच्यात ज्योत क्षणाक्षणाला हलताना दिसते, आणि नेमके तेच हवे असते. सुमारे १५०० अंशांच्या वर नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइड्स झपाट्याने वाढतात, म्हणून आधुनिक टर्बाइनमध्ये हवा जास्त, इंधन कमी ठेवतात. अशी ज्योत विझण्याच्या काठावर असते. तिची थरथर कक्षातील ध्वनिलहरींशी जुळली, तर दाबाचे हेलकावे वाढत जाऊन धातूचे भाग तडकू शकतात. उष्णता आणि ध्वनी यांच्या या जुळणीचा नियम रॅले यांनी १८७८ मध्येच सांगितला होता. हायड्रोजनची ज्योत मिथेनपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. त्यामुळे हायड्रोजन वापरताना ती उलटी बर्नरमध्ये शिरेल का, हेही आराखड्याच्या टप्प्यावरच तपासावे लागते.