जामीन राहणे

नोकरीस माणूस घेताना त्याची शहानिशा कशी करावी, हा प्रश्न कचेऱ्या आणि कारखाने निघाल्यावर उत्पन्न झाला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. ज्या राज्याचे जीवित डोंगरी किल्ल्यांवर अवलंबून होते, त्यास हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा होता. तेथे माणूस पारखण्यात चूक झाली तर नुसता हिशेब चुकत नसे. गडाचा दरवाजा शत्रूस उघडला जाण्याचे भय असे.

साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवछत्रपतींच्या सैन्यभरतीची रीत नमूद केली आहे. चाकरीस आलेल्या माणसास महाराज स्वतः पाहत. आणि जो परिचयाचा नसेल, त्याच्या इमानाबद्दल व वर्तणुकीबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेत. म्हणजे ग्वाही देणाराही त्याच राज्याचे अन्न खाणारा. नवागताने दगा दिला तर जबाब त्याला द्यावा लागे, हे या रीतीचे मर्म होय.

डफ येथे एक शंकाही काढतो. अशी जबाबदारी टाळणे सोपे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी हा जामीन नुसता उपचारच ठरत असावा, असे त्यास वाटते. तथापि तो घेण्याची ताकीद महाराजांच्या हुकुमांत नेहमी असे, हेही तो मान्य करतो. आम्हांस ही शंका मोलाची वाटते. पारख कितीही कसोशीची असली तरी माणूस पुढे बदलतो, हे महाराजही जाणून होते, असे त्यांच्या गडांच्या व्यवस्थेवरून दिसते. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका दर्जाचे असून त्यांनी मिळून गडाचा कारभार करावा, असे सभासद बखरीत सांगितले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरील अधिकारी ठराविक मुदतीनंतर बदलावे, असा दंडक आहे. भरतीच्या दिवशी जामीन, आणि भरतीनंतर वाटून दिलेला अधिकार व बदली: एका उपायाची उणीव दुसऱ्याने भरून निघावी, अशी ही योजना होती.

पुढे औरंगजेबाच्या स्वारीत गडांमागून गड पैशाच्या बोलीने त्याच्या हाती गेले. १७०४ साली तोरणा मात्र त्यास लढूनच घ्यावा लागला. तटाची बळकटी ही आतल्या माणसांवर किती अवलंबून असते, याचा यापरता पुरावा नको.

आज उमेदवाराकडून वर्तणुकीचा दाखला मागतात. त्यावर सही करणारा पुष्कळदा त्यास ओळखतही नसतो, आणि पुढे काही झाले तर त्यास कोणी विचारीतही नाही. असा कागद म्हणजे डफने म्हटलेला उपचारच. उलट, जामीनच हवा म्हटले तर ज्याचे ओळखीचे कोणी नाही, अशा होतकरू परक्याला दार बंद होते. हा त्या जुन्या रीतीचा दोष आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. म्हणून पूर्वीच्या मालकास उमेदवाराच्या संमतीने प्रत्यक्ष विचारावे. विरुद्ध काही कळले तर उमेदवाराचे म्हणणे ऐकून घ्यावे. आणि तिजोरीची किल्ली एकाच्याच हाती कधी देऊ नये. चौकशी केली तिने आपले नाव तीखाली घालावे आणि त्यास जबाबदार राहावे, एवढा एक धडा त्या काळापासून घेतला तरी पुष्कळ झाले.