आईची सीता

आमच्या केळझरच्या माणसाला पुरावा विचारू नये. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे आमचं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, पांडव इथे राहिले, भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं गावातलं शेंबडं पोरही छातीठोकपणे सांगतं. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणारे पाहुणे ते ऐकून घेतात आणि मान डोलावतात. मीही लहानपणी पाहुण्यांना हेच सांगत असे. पुढे बी.ए. झालो, मास्तर झालो, मुलांना मराठी आणि इतिहास शिकवू लागलो, आणि "पुराव्याशिवाय बोलायचं नाही" हे वाक्य वर्गात इतक्यांदा म्हटलं की पोरांनी माझं नावच 'पुरावा सर' पाडलं. या पुराव्याच्या नादात मी एकदा आईला चारचौघांत खोटं पाडलं. ती गोष्ट आज लिहायची आहे. पण ती कळायला आधी थोडा रेडिओचा इतिहास सांगावा लागेल, तेव्हा मास्तरकीची सवय म्हणून सोडून द्या.

रेडिओवर गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं असं आजच्या मुलांना वाटतं. पण एक काळ असा होता की आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद होती. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते १९६२ पर्यंत त्या खात्यावर होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे भोक्ते आणि सिनेसंगीतावर त्यांचा राग. सिनेमाची गाणी हटली तशी लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांची तेव्हा खूप टिंगल झाली आणि काही अंशी ती योग्यही होती. पण एक चांगली गोष्ट त्यातून घडली. सिनेमाची गाणी नाहीत, मग त्या वेळात लावायचं काय? तर आकाशवाणीने स्वतःची गाणी तयार करायची. 'सुगम संगीत' हा शब्द आपल्या घराघरांत गेला तो या काळात. कवी, संगीतकार, गायक यांना रेडिओने काम दिलं. मराठी भावगीताला तर आधीपासून गजानन वाटवे, ज्योत्स्ना भोळे यांच्यासारखे आवाज होतेच. आता त्याला हक्काचं अंगण मिळालं.

या अंगणातला एक फार गोड आवाज म्हणजे माणिक वर्मा. माहेरच्या त्या माणिक दादरकर, जन्म पुण्याचा, १६ मे १९२६ चा. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्या शिकल्या, म्हणजे किराणा घराण्याची तालीम. १९४९ साली अमर वर्मांशी लग्न झालं आणि त्या माणिक वर्मा झाल्या. ख्याल गाणारी बाई भावगीत कशाला गाईल, अशी नाकं मुरडणारे त्या काळी कमी नव्हते. माणिकताईंनी ती भिंत मानली नाही. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, नामदेवांचा अभंग, गदिमांनी लिहिलेलं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावलेलं ते सावळ्या रंगाचं गाणं, सगळं त्यांनी सारख्याच मनापासून गायलं. रेडिओ अशा गळ्यासाठीच असतो. मैफिलीत गायक समोर दिसतो, त्याचे हातवारे दिसतात, साथीदार दाद देतात. रेडिओवर यातलं काही नाही. तिथे बाई येते ती फक्त आवाज होऊन, आणि तीही थेट चुलीपाशी. त्या आवाजात जरा जरी दिखावा असला तरी चुलीपाशी बसलेल्या बाईला तो लगेच कळतो. माणिकताईंच्या आवाजात तो नव्हता.

आता मुख्य गोष्ट, गीतरामायणाची. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तिथल्या सीताकांत लाडांनी गदिमांच्या मागे लकडा लावला की रेडिओसाठी काहीतरी मोठं लिहा. त्यातून १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी या दिवशी गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून पुढची रामनवमी लांबली आणि गाणी बावन्नाची छप्पन्न झाली. पंचांगाने मराठी साहित्याला चार गाणी जास्त दिली, असं मी वर्गात गमतीने म्हणत असे. लोक त्या वेळेला रेडिओपुढे उदबत्ती लावून बसत, रेडिओला हार घालत, असं जुनी माणसं सांगतात.

पण आज बहुतेकांच्या लक्षात नसलेली गोष्ट पुढे आहे. रेडिओवरचं ते गीतरामायण एका गळ्याचं नव्हतं. राम स्वतः फडके गात. सीतेचा आवाज मुख्यतः माणिक वर्मांचा. शिवाय ललिता फडके, आपल्या मूर्तिजापुरात जन्मलेले आणि नागपुरात वाढलेले वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे, बबनराव नावडीकर, अगदी लता मंगेशकरसुद्धा. ज्याचं मनोगत त्याचा गळा. म्हणजे ते एक प्रकारचं न दिसणारं नाटकच होतं.

पुढे फडक्यांनी, म्हणजे आपल्या बाबूजींनी, एकट्याने गीतरामायण मंचावर गायला सुरुवात केली. ते कार्यक्रम अफाट गाजले. १९६५ साली त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यानंतर ज्या पिढ्या आल्या त्यांना गीतरामायण म्हणजे बाबूजी एवढंच ठाऊक. त्यात मीही आलो.

आता घरची गोष्ट. माझा जन्म १९५० चा. मी पाच वर्षांचा असताना आई आजारी पडली. छातीचा आजार होता. त्याचं नावही घरात मोठ्याने घेत नसत. माझे मामा पुण्याला नोकरीला होते. त्यांनी तिला उपचाराला पुण्याला नेलं. आई दहा-अकरा महिने तिथे होती. मी केळझरला आजीजवळ. सुरुवातीला मी रोज सडकेवर जाऊन मोटारीची वाट बघत असे, असं आजी सांगायची. नंतर जाणं बंद केलं. आई परत आली तेव्हा मी म्हणे तिच्याजवळ जायला तयार नव्हतो, आजीच्या लुगड्याआड लपलो. मला हे आठवत नाही. आईला मात्र ते मरेपर्यंत आठवत होतं.

आमच्या घरी रेडिओ आला १९६३ साली. वडिलांनी टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरले, ते परवान्याचं पुस्तक देवघरात ठेवलं. आम्हाला लागायचं ते नागपूर केंद्र. तिथे भावगीतं लागली की आई हातातलं काम बाजूला ठेवून दोन मिनिटं दाराशी उभी राहायची. माणिक वर्मांचं गाणं असलं तर बसायचीच. मला वाटे, आवडतं तिला, दुसरं काय!

मी १९७३ साली नोकरीला लागलो. त्याच वर्षी गणपतीत आमच्या मंडळाने ठरवलं, मास्तरांनी गीतरामायणावर बोलायचं. वर्ध्याहून एकाचा रेकॉर्ड प्लेअर आणला, ध्वनिमुद्रिका आणल्या. मी अगोदर प्रसंग सांगायचा, मग गाणं लावायचं. गर्दी चांगली होती. आई बायकांमध्ये पुढेच सतरंजीवर बसली होती. सीतेचं गाणं लागलं. बाबूजींचा आवाज सुरू झाला तशी आई शेजारणीला जरा मोठ्यानेच म्हणाली, "हे सीता नोहे. पुण्याच्या रेडिओत सीता बाईच्या गळ्यानं गाये."

दोन-चार बायका हसल्या. मला राग आला. नवा मास्तर, पहिलंच जाहीर भाषण, आणि घरचंच माणूस चुका काढतंय! मी ध्वनिमुद्रिकेचं वेष्टन हातात धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणालो, "आई, हे बघ, इथे छापलेलं आहे. सगळी गाणी सुधीर फडक्यांची आहेत. तुझा काहीतरी घोटाळा होतो आहे." आता सगळेच हसले. आई काही बोलली नाही. पुढचं गाणं संपायच्या आत ती उठून घरी गेली. घरी गेल्यावरही मी तिला विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

नंतर सहा-सात वर्षांनी गीतरामायणाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा त्यावर ठिकठिकाणी लेख आले. त्यातल्या एकात मूळ कार्यक्रमातल्या गायकांची नावं होती. सीतेपुढे माणिक वर्मांचं नाव. मी तो लेख शाळेच्या वाचनालयात उभ्याने वाचला आणि परत जागेवर ठेवला. आईला सांगितलं का? नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. पांडव केळझरला राहिले यावर माझा विश्वास होता. आईने अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या गोष्टीवर मात्र मी विश्वास ठेवला नव्हता.

माझी चूक नेमकी काय झाली होती, यावर मी नंतर बराच विचार केला. ध्वनिमुद्रिका हातात धरता येते, तिच्यावर छापलेलं असतं, म्हणून ती पुरावा वाटते. रेडिओचं गाणं हवेत येतं आणि हवेत जातं. त्याचा पुरावा ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतो, आणि तो ऐकणारा बहुधा स्वयंपाकघरात असतो. मी छापलेल्या कागदावरून ठरवलं की जे कागदावर नाही ते घडलंच नाही. इतिहासाच्या मास्तराने तरी असं करायला नको होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. माणिकताई दूरदर्शनवरही गायल्या, पण त्या सुरुवातीच्या काळात मुंबईचं प्रक्षेपण आमच्या केळझरपर्यंत कुठलं पोचायला! पुण्या-मुंबईच्या लोकांनी त्यांना पडद्यावर गाताना पाहिलं असेल. आम्हाला त्या केवळ आवाज म्हणूनच माहीत. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती बातमीही आम्ही रेडिओवरच ऐकली. आमच्या घरी टीव्ही आला तो थेट १९८७ साली, रामानंद सागरांचं रामायण सुरू झालं तेव्हा. दर रविवारी सकाळी निम्मी आळी आमच्या ओसरीत. आईही बघायची. पण एकदा म्हणाली, "यात सीता दिसते चांगली. ऐकू येत नाही."

मग १९८८ साली 'वागळे की दुनिया' लागलं. त्यातली वागळेची बायको, भारती आचरेकर, आईला फार आवडायची. एका संध्याकाळी मी धीर केला. म्हटलं, "आई, ही कोणाची मुलगी आहे माहीत आहे? माणिक वर्मांची. वंदना गुप्ते, राणी वर्मा, या सगळ्या बहिणी. आणि पुण्याच्या रेडिओत सीता गायची ना, त्या माणिक वर्माच. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मीच चुकलो."

आई पडद्याकडेच बघत होती. जरा वेळाने म्हणाली, "मले माहीत होतं बाबू. मी खाटेवर पडून राहो. मामी कामात. शेजारच्या वाड्यात रेडिओ होता. शुक्रवार कधी येते याची वाट पाहो. ते बाई गाये, अन् मले तुही आठवण ये. तिनं मले तिथं सोबत केली. तिचा आवाज मी कशी विसरीन?"

एवढंच. मग कार्यक्रम संपला आणि ती ताटं घ्यायला उठली.

आई १९९४ साली गेली. माणिकताई १० नोव्हेंबर १९९६ रोजी गेल्या. ती बातमी रेडिओवर ऐकली तेव्हा मी दाराशी उभा होतो, आई उभी राहायची तिथेच.

मागच्या महिन्यात नातवाने मोबाइलवर शोधून मला मूळ गीतरामायणातलं, माणिकताईंच्या आवाजातलं सीतेचं गाणं ऐकवलं. खरखर आहे, वाद्यं मोजकी आहेत. बाबूजींचं गाणं मला आजही तितकंच प्रिय आहे, त्याला हे उणं नाही. पण हे ऐकताना पहिल्यांदा कळलं, दूरच्या गावी खाटेवर पडलेल्या, पाच वर्षांचं पोर मागे ठेवून आलेल्या बाईला त्यात काय ऐकू आलं असेल. नातू म्हणाला, "आबा, पुन्हा लावू?" मी म्हटलं, "लाव."

असो. मंडळी, तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीतलं कोणी असेल तर त्यांना एकदा विचारा, तुम्ही रेडिओवर कोणाला ऐकत होता, कधी, कुठे बसून. सांगतील ते लिहून ठेवा. आणि छापलेल्याशी जुळलं नाही तर लगेच हसू नका.