गणकयंत्राचा ताप आणि त्यावरचा पंखा

आजच्या गणकयंत्राचा पेटारा उघडला, की मदरबोर्डावर एक पंखा दिसतो. त्याच्याखाली धातूच्या पात्यांचा ठोकळा, आणि ठोकळ्याखाली प्रोसेसर. हा पंखा तेथे आला कसा? ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

१९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ यंत्रात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. ते जवळजवळ १५० किलोवॉट वीज घेई, आणि या विजेची अखेर उष्णताच होई. म्हणून त्यात वारा खेळवण्याची मोठी व्यवस्था करावी लागली. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेले ‘टिफ्रॅक’ही व्हॉल्व्हचेच.

पुढे १९७१ साली इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला. ट्रान्झिस्टर सुमारे २,३००, पण वीज एका वॉटच्या आसपास. त्याला ना ठोकळा लागे, ना पंखा. वाटले, ताप गेला! पण तो दबा धरून बसला होता, बरे का! १९९३ च्या पेन्टियमात ट्रान्झिस्टर ३१ लाखांवर गेले, वीज पंधरा वॉटच्या घरात गेली, आणि एवढ्याशा जागेत ती उष्णता कोंडू लागली. तेव्हापासून पंखा प्रोसेसरचा नित्याचा सोबती झाला.

आता बसवण्याची रीत पाहा. ४८६ च्या काळात काही बोर्डांवर प्रोसेसर जोराने दाबून बसवावा लागे. पिन वाकली की काम बिघडलेच. मग खिटीचे सॉकेट आले. खिटी उचला, कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण जुळवा, प्रोसेसर अलगद ठेवा, खिटी पाडा. हल्ली तर बहुधा पिना सॉकेटातच असतात. म्हणून तेथे बोटही लावू नये. त्यानंतर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट. ती कशाला? धातू गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक खाचा असतात. त्यांतली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. पेस्ट त्या हवेची जागा घेते. ठोकळ्याचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळावेत, आणि पंख्याची तार जोडायला विसरू नये.

पण पंख्यालाही मर्यादा आहे. २००४ साली पेन्टियम ४ शंभर वॉटच्या घरात पोचला, आणि त्याच वर्षी इंटेलने त्याची ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती काढण्याचा बेत सोडला. नुसता वेग वाढवत नेण्याची वाट उष्णतेने अडवली. २००५ साली इंटेलने एकाच प्रोसेसरात दोन कोअर, म्हणजे जणू दोन गणिती, शेजारी बसवले. साहजिकच कामाची वाटणी कशी करावी, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना नव्याने शिकावे लागले.

तेव्हा वाचकहो, यंत्राने किती गणित करावे हे केवळ गणिती ठरवत नाही. त्यातली उष्णता किती लवकर बाहेर पडते, यावरही ते ठरते. त्या पंख्याची घरघर पुढे कधी त्रासदायक वाटली, तर एवढे ध्यानात असू द्यावे.