व्हर्लविंड गणकयंत्रातील स्मृतिपालट

गणकयंत्रांच्या इतिहासात स्मृतीची वाढ बहुधा आकड्यांच्या भाषेतच सांगितली जाते: अमुक वर्षी इतके शब्द, पुढे त्याच्या चौपट, आणि वेगही तितकाच अधिक. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील व्हर्लविंड यंत्राची स्मृती १९५३ मध्ये बदलण्यात आली, त्या घटनेचेही वर्णन याच पठडीत केले जाते. वस्तुतः तेथे संचयशक्तीचा प्रश्न गौण होता. खरा प्रश्न भरवशाचा होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वैमानिकांच्या शिक्षणासाठी कृत्रिम उड्डाणयंत्र बनविण्याची योजना निघाली, तीतून व्हर्लविंडचा उगम झाला. घटना घडत असतानाच तिचे गणित पुरे करणे ही या यंत्राची मूळ अट होती. त्यामुळे पाऱ्याच्या नळीतून ध्वनितरंग खेळविणारी त्या काळची स्मृती जे फॉरेस्टर यांना सोयीची नव्हती. तीत हवा तो शब्द नळीच्या टोकाशी येईपर्यंत तिष्ठावे लागे. त्यांनी निर्वात नलिका निवडल्या. नलिकेच्या आतील पृष्ठावर विद्युत्‌भाराचे ठिपके उमटवून अंक साठविले जात व कोणताही ठिपका तत्काळ वाचता येई. निवड तर्कशुद्ध होती, पण नलिका संस्थेतच घडवाव्या लागत आणि त्यांचे आयुष्य अत्यल्प असे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने अणुस्फोट केला, आणि त्यानंतर अमेरिकन विमानदलाने हे यंत्र हवाई संरक्षणाच्या प्रयोगांसाठी हाती घेतले. तेव्हा नलिकांचा दोष केवळ खर्चापुरता राहिला नाही. दर दोन तासांनी विस्मरण होणारे यंत्र आकाशातील विमानाचा माग कसा ठेवणार?

फॉरेस्टर यांनी १९४९ मध्येच दुसरा मार्ग शोधण्यास आरंभ केला होता. चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत ओवावयाच्या आणि प्रत्येक तारेतून आवश्यक प्रवाहाच्या निम्माच प्रवाह सोडावयाचा, अशी ही कल्पना होती. जेथे दोन तारा एकमेकींना छेदतात तेथील कडीचेच चुंबकत्व उलटते. इतर कड्या निश्चल राहतात. वाचताना कडीतील अंक पुसला जातो व तो पुन्हा लिहावा लागतो, ही तिची उणीव. पण वीज बंद झाली तरी अंक टिकतो, हा तिचा मोठा गुण. विल्यम पेपियन या विद्यार्थ्याने प्रथम धातूच्या पट्टीच्या कड्या तपासल्या. त्या मंद ठरल्या. फेराइटच्या कड्यांनी ती अडचण दूर केली. हार्वर्डमधील अँन वँग आणि आर. सी. ए. कंपनीतील यान राइखमन हेही याच सुमारास चुंबकीय स्मृतीवर काम करीत होते. स्वामित्वाचा तंटा पुढे बराच चालला आणि आय. बी. एम. कंपनीने १९६४ मध्ये फॉरेस्टर यांच्या एकस्वापोटी संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्या तंट्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

अधिक बोधप्रद आहे ती पालटाची रीत. चालू यंत्रावर प्रयोग न करता केन ओल्सेन यांच्याकडून केवळ स्मृतीच्या परीक्षेसाठी एक निराळे गणकयंत्र बांधवून घेण्यात आले. त्यावर कसोटीस उतरलेली १,०२४ शब्दांची स्मृती ऑगस्ट १९५३ मध्ये उचलून व्हर्लविंडला जोडण्यात आली. हे शक्य झाले, कारण या यंत्रात स्मृती हा आरंभापासूनच वेगळा काढता येणारा भाग होता. नलिका सिद्ध होण्यापूर्वी इतर भाग ३२ शब्दांच्या तात्पुरत्या संचयावर तपासले गेले होते.

परिणाम स्पष्ट होता. शब्द मिळविण्याचा काळ २५ मायक्रोसेकंदांवरून ९ वर आला व यंत्राचा वेग दुप्पट झाला. परंतु याहून मोलाचा फरक दुसराच. स्मृतीच्या देखभालीस रोज चार तास लागत, ते आठवड्याला दोन तासांवर आले. दोन तासांनी होणारा बिघाड दोन आठवड्यांनी होऊ लागला. हवाई संरक्षणाची 'सेज' योजना ज्या यंत्रांवर उभी राहिली, त्यांत कड्यांचीच स्मृती घेण्यात आली ती याच अनुभवाच्या बळावर.

या निर्णयानंतर आरंभ करणाऱ्यांचे काम अर्थातच सुकर झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक यंत्राला असा पालट करावा लागला नाही. त्याची २,०४८ शब्दांची स्मृती मुळातच फेराइटच्या कड्यांची होती.