स्टाइनमेट्झ : बंदरावर अडवलेला गणिती

ट्रान्सफॉर्मरचा कोअर लॉस काढताना तुम्ही स्टाइनमेट्झचे समीकरण वापरता. त्यातला १.६ हा घातांक तुमच्यापैकी अनेकांना पाठही असेल. ते मांडणाऱ्या माणसाला १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरावरून परत पाठवायचे घाटत होते, हे मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

कार्ल स्टाइनमेट्झ मूळचे ब्रेस्लाउचे. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. उंची चार फुटांच्या आसपास, पाठीला कुबड, चालही वाकडी. वडील आणि आजोबांनाही हाच त्रास होता. समाजवादी चळवळीत असल्याने अटकेची भीती निर्माण झाली आणि विद्यापीठ सोडून ते झुरिचला निघून गेले. तिथून एका मित्राबरोबर अमेरिका गाठली.

अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यानुसार, जो स्वतःचा निर्वाह करू शकणार नाही अशा माणसाला प्रवेश नाकारता येत असे. आता हे ठरवायचे कसे? रांगेतल्या माणसाकडे बघून! खिशात पैसे नाहीत, इंग्रजी जवळजवळ येत नाही, त्यात असे शरीर. अधिकारी दुष्ट असेल असे मला वाटत नाही. त्याच्यापुढे मोजायला तेवढेच होते. मित्राने रदबदली केली, म्हणून निभावले.

पुढे यॉंकर्सच्या आयकेमायर यांच्या कारखान्यात त्यांना ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. १८९२ मध्ये हिस्टेरेसिसवरचे निबंध आले आणि जनरल इलेक्ट्रिकचे एडविन राइस त्यांना भेटायला आले. राइस यांनी नंतर प्रांजळपणे लिहिले आहे : जुने जाकीट घालून प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडी घालून बसलेली ती लहानखुरी, लांब केसांची मूर्ती पाहून आपण दचकलो, थोडे निराशही झालो. पण ते बोलू लागताच ती निराशा गेली. जनरल इलेक्ट्रिकने आयकेमायर यांचा उद्योगच विकत घेतला. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी एसी सर्किटसाठी संमिश्र संख्यांची पद्धत मांडली. तुमचे फेझर त्यातूनच आले.

एक गोष्ट लक्षात घ्या. राइसही आधी शरीरच पाहून निराश झाले होते. फरक इतकाच, की त्यांनी निबंध वाचले होते आणि समोरच्याला बोलायला वेळ दिला. बंदरावरच्या रांगेत तो वेळ नव्हता. आणि ज्यांच्यासाठी रदबदली करणारे कोणी नव्हते, त्यांची समीकरणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.