चाळीस पत्रिका

१९७५ साली अमेरिकेतल्या ‘द ह्युमनिस्ट’ या नियतकालिकात फलज्योतिषाविरुद्ध एक निवेदन निघालं. खाली १८६ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या आणि त्यांत १८ नोबेल मानकरी होते. कार्ल सेगन यांनी मात्र सही करायला नकार दिला. फलज्योतिषावर त्यांचा विश्वास होता असं नव्हे. निवेदनाचा अधिकारवाणीचा सूर त्यांना खटकला होता. आम्ही मोठे आहोत, आम्ही सांगतो म्हणून हे खोटं, असं म्हणणारा शास्त्रज्ञ आणि ‘ग्रंथात लिहिलंय’ म्हणणारा ज्योतिषी यांच्यात मग फरक तो काय राहिला?

हा फरक दाखवून देणारं काम पुढे पुण्यात झालं. त्याची पार्श्वभूमी अशी, की २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ हा विषय विद्यापीठांतून शिकवण्याची योजना आणली. डॉ. जयंत नारळीकरांसह अनेक शास्त्रज्ञांनी तिला जाहीर विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००४ साली तिथे आव्हान फेटाळलं गेलं. एखादा विषय शिकवावा की नाही हे न्यायालय ठरवू शकतं, पण तो खरा की खोटा हे ठरवणं त्याचं काम नाही. ते काम मोजमापाचं.

दैवी शक्तीच्या दाव्यांना आव्हान देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. श्रीलंकेत स्थायिक झालेले अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं आव्हान पुढे २१ लाखांवर पोचलं. अशा आव्हानांचा गवगवा होतो, पण ज्ञानाच्या दृष्टीने त्यांत एक उणीव राहते. बाबा फिरकलाच नाही तर आपल्या हाती काहीच लागत नाही, आणि त्याचे भक्त म्हणायला मोकळे, की महाराजांना पैशांचा मोह नाही.

मे २००८ मध्ये नारळीकरांनी पत्रकार परिषद घेऊन जे आवाहन केलं त्यात बक्षिसापेक्षा आकड्यांवर भर होता. त्यांच्याबरोबर तिघे होते : पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंनिसचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे. हा शेवटचा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला पत्रिका मांडता येते असा कोणी नसता, तर सारा खटाटोप बाहेरच्यांचा ठरला असता.

प्रश्न अगदी साधा निवडला होता. पत्रिकेवरून बुद्धी कळते असं ज्योतिषी सांगतात. मग एकीकडे शाळांमधून शिक्षकांनी हुशार म्हणून सुचवलेली १०० मुलं आणि दुसरीकडे विशेष शाळांमधली १०० मतिमंद मुलं घेतली. (तेव्हा हाच शब्द प्रचलित होता.) कार्यकर्त्यांनी जन्मवेळा आणि जन्मस्थळं गोळा केली, संगणकावर पत्रिका तयार झाल्या आणि प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक मिळाला. कोणती पत्रिका कोणाची, याची किल्ली विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाकडे राहिली. ज्योतिषाला ४० पत्रिका मिळणार, त्यांतली हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती एवढंच सांगायचं.

उत्तर परीक्षकाच्या चेहऱ्यावरूनसुद्धा कळू नये ही खबरदारी काही हौसेची नव्हे. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची तपासणी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या चौकशी समितीने केली. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक झाड ‘भारित’ केलं गेलं आणि एका मुलाला डोळे बांधून चार निराळ्याच झाडांपाशी नेलं. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला! मुलगा ढोंगी नव्हता, त्याची श्रद्धा खरी होती. अशा तपासणीत फसवणूक पकडण्याइतकंच प्रामाणिक भ्रमालाही वगळावं लागतं, आणि पत्रिका पाहणाऱ्यांतले बहुसंख्य लोक माझ्या मते प्रामाणिकच असतात.

पुण्यात काही ज्योतिषांनी बहिष्काराची भाषा केली. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर आली असती. म्हणून निव्वळ योगायोग नाही असं मानायला निदान २८ हवीत, असं आधीच ठरलं होतं. सर्वांत वरचा आकडा निघाला २४. दोघांचे २२ आले आणि उरलेले २० किंवा त्याखाली राहिले. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. मार्च २००९ च्या ‘करंट सायन्स’मध्ये हा सारा तपशील छापून आला.

त्या २४ या आकड्याकडे जरा थांबून पाहू. ‘चाळीसपैकी चोवीस, म्हणजे साठ टक्के की!’ असं सहज तोंडातून निघतं. पण गणित केलं तर दिसतं, की नाणं उडवणाऱ्यांपैकीही शंभरात साधारण १३ जण २४ किंवा अधिक गाठतात. म्हणजे २७ नाणी उडवणाऱ्यांत असे तीन-चार तरी निघावेत. इथे एकच निघाला. २८ गाठणारा मात्र सुमारे १२० जणांत एखादाच. तो कोणी निघाला असता, तर माझ्या मते त्याला नव्या ४० पत्रिका देऊन पुन्हा बसवायला हवं होतं, आणि तेव्हाही तो टिकला असता तर फलज्योतिषाला नाकं मुरडणाऱ्यांना गप्प बसावं लागलं असतं. दोन्ही बाजूंना हरण्याची वाट मोकळी होती.

जन्मवेळ अचूक नसेल, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो अगदीच पोकळ नाही. लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते, पण नवमांश १३ मिनिटांच्या आसपास बदलतो. मात्र पालकांनी सांगितलेल्या याच वेळांवर ज्योतिषी एरवी बिनदिक्कत भविष्य सांगतात, मंगळ काढतात, लग्नं जुळवतात आणि मोडतात. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यात काय किंवा पुण्यात काय, स्थळ परत पाठवताना जन्मवेळेच्या मिनिटांची शहानिशा कोण करतो?

मला या प्रयोगात सर्वाधिक जाणवतात ती त्या शंभर विशेष मुलांची घरं. असं मूल पदरी आलेल्या आईला ‘ग्रहच तसे’, ‘तुझ्याच पत्रिकेत दोष’ हे शेजारीपाजारी ऐकवतात. शांती, खडे, नवस यांत घरातलं किडूकमिडूक जातं. त्या मुलांच्या पत्रिका वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांच्या पत्रिकांत मिसळून दिल्या, तर जाणकारांनाही त्या निवडता आल्या नाहीत.

परीक्षा न घेतलेल्या ‘शक्ती’ची किंमत पैशांपुरती असते असंही नाही. रनाळ्याहून उत्तरेला तापी ओलांडून अक्कलकुवा-धडगावकडे गेलं, की सातपुड्यात डाकीण ठरवण्याची प्रथा भेटते. घरात आजार येतो, भगताला विचारलं जातं आणि तो गावातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. पत्रिका पाहणारा ४० पैकी २० चुकला तर कागदावर फुली पडते. इथे त्या बाईला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो. त्या भगताला सांकेतिक क्रमांक घातलेली चाळीस पाकिटं आजवर कोणी दिलेली नाहीत.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन आला. एखाद्या व्यक्तीवर करणी-चेटूक केल्याचा आळ घेऊन तिला छळणं त्यानुसार गुन्हा आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. पत्रिका मागवून उत्तर न पाठवलेले ते २४ ज्योतिषी कोण होते, हे छापलं गेलं नाही.